राणीच्या पाठीवरचा ठिपका

छोटीला छोटी म्हणणारं आता जगात एकच माणूस उरलं होतं, तिचा दादा. दुसऱ्या कुणाची तशी छाती झाली नसती. पन्नाशी ओलांडलेली, दादाहून चार बोटं उंच आणि उभं आयुष्य दातांच्या कवळ्या बनवण्यात घालवलेली बाई ती. शहरातल्या निम्म्या म्हाताऱ्यांच्या तोंडात तिच्या हातचे दात होते. रस्त्यात कुणी ओळखीचं हसलं की ती आधी दात बघायची, मग माणूस. खरा कुठला आणि बसवलेला कुठला, हे तिला पलीकडच्या फुटपाथवरून कळायचं. असं असूनही तिला बनावट गळ्यात मारणारा भेटला, आणि तो सख्खा भाऊ निघाला. आपणही तिला छोटीच म्हणू; दादानं तिला दिलेल्या गोष्टींपैकी ते नाव तरी खरं होतं.

छोटीच्या वडिलांची नोकरी टपाल छाटायची, पण जीव सगळा मधमाश्यांत. मागच्या अंगणात पेट्यांची रांग होती, आणि त्या रांगेतली शेवटची पेटी निराळी होती. तिच्यातल्या माश्या काळपट, धिम्या आणि इतक्या गरीब, की बाबा झाकण उघडून उघड्या हातानं चौकट उचलायचे आणि माश्या पोळ्यावर आपापलं काम करत राहायच्या. आणखी एक खोड होती त्यांना. थंडी जवळ आली की त्या झाडांचा चिकट चीक गोळा करून आणायच्या आणि त्याच्या राळेनं पेटीचं दार जवळजवळ बुजवून टाकायच्या. फक्त दोन-तीन भोकं ठेवायच्या, एकेक माशी जेमतेम आत-बाहेर करेल एवढी. फटी लिंपायचं काम सगळ्याच माश्या करतात, पण अख्ख्या दाराला असा पडदा रांगेतल्या दुसऱ्या कुठल्याच पेटीत लागत नसे. बाबा म्हणायचे, "आमच्या या पोरी लाजऱ्या. पाहुणा यायच्या आत पडदा ओढून मोकळ्या."

बाबा अंथरुणाला खिळले तेव्हा त्यांचं सगळं छोटीनं केलं. दादा सुटीच्या दिवशी फळं घेऊन यायचा, मोठमोठ्यानं हसायचा, बाबांना बरं वाटायचं, आणि जेवून परत जायचा. छोटीची त्याबद्दल काही तक्रार नव्हती. दादा आला की घरात दिवा लागल्यासारखं तिलाही वाटायचं. लहानपणी शाळेच्या पोरांनी तिला उंटीण म्हणून चिडवलं तेव्हा त्यांच्याशी मारामारी करून ओठ फोडून घेतलेला दादा होता तो. अशा माणसाचा हिशेब कोण ठेवतो?

बाबा गेले. काही दिवसांनी दादा म्हणाला, "छोटे, पेट्या, मधाचं यंत्र, अवजारं, सगळं मी नेतो. तुझ्या गच्चीवर मावणार कुठे हे?"

"ने की. मला फक्त ती पडदेवाली पेटी दे."

दादा हसला. "एवढंच? घे."

पण त्या हिवाळ्यात, बाबांच्या आजारपणात, पेटीकडे कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं. उन्हं तापायला लागल्यावर छोटीनं झाकण उचललं तर आत राणी होती आणि मूठभर माश्या. माश्या अंगाला अंग लावून ऊब धरतात आणि थंडी काढतात. त्यासाठी अंगं पुरेशी लागतात. एवढ्याशा माश्यांना पुढचा हिवाळा झेपणार नव्हता. बाबांची जात तिच्या हातात संपणार, या विचारानं तिला कवळ्यांचं मेण ओततानाही रडू यायला लागलं. तिनं दादाला फोन लावला. फोन लावायला दुसरं होतं कोण?

दादाचं तेव्हा वेगळंच चालू होतं. वहिनीच्या माहेरची शहराबाहेर फळबाग होती, तिथे तो सुटीच्या दिवशी लोकांना मधमाश्या पाळायला शिकवायचा. बोलायला पटाईत, त्यामुळे लोक यायचे भरपूर. पण त्याच्या माश्या तिखट. पहिल्या धड्याला माणसं सुजून घरी जायची आणि दुसऱ्या धड्याला फिरकायची नाहीत. हे तो स्वतःच हसत हसत सांगायचा, आणि छोटीही हसायची.

"रडतेस काय वेड्यासारखी?" दादा फोनवर म्हणाला. "माझ्याकडे दोन छोटे थवे आहेत, नुकतेच पकडलेले. एक बेकरीच्या मागच्या पाइपातून काढलाय, एक अग्निशमन केंद्राच्या पाटीमागून. त्यांचीही तुझ्यासारखीच गत, मूठ-मूठभर. पाटीमागच्यांना तर राणीच नाही. तिन्ही एकत्र करू. तीन फाटकी बिऱ्हाडं मिळून एक खातंपितं घर होईल."

"पण राणी माझी राहील ना?" छोटीनं विचारलं. एका पेटीत राणी एकच नांदते, दुसरीला जावं लागतं, आणि पुढे जन्मणारी प्रत्येक माशी उरलेल्या राणीची लेक असते. तिच्या दृष्टीनं सगळं त्यातच आलं.

"म्हणजे काय! बाबांची जात आहे ती. पाइपवाल्या राणीला मी संपवतो."

ठरल्या संध्याकाळी दादा गच्चीवर आला तो एकच पेटी घेऊन.

"आणि पाटीमागचा थवा?"

"उडाला गं वाटेत. झाकण नीट बसलं नव्हतं. जाऊ दे, दोन तर दोन."

दोन घरच्या माश्या तशाच एकत्र ओतल्या तर सकाळी मुडद्यांचा ढीग झाडावा लागतो. प्रत्येक घराचा वास निराळा, आणि परका वास आला की त्या सोडत नाहीत. म्हणून खाली एक घर ठेवायचं, वर दुसरं, आणि मधे वर्तमानपत्राचा कागद. दोन्हीकडून कागद कुरतडला जातो, तोवर वास मिसळतो, आणि वाट मोकळी होते तेव्हा परकं कोण होतं हेच कुणाला आठवत नाही. बाबा तो कागद निवडून घ्यायचे. म्हणायचे, अग्रलेखाचं पान घाला, ते फाडायला कुणालाही आवडतं. छोटीनं त्या दिवशी आठवणीनं अग्रलेखाचंच पान बाजूला काढून ठेवलं होतं.

"तुझी राणी तुला ओळखू येते का?" दादानं विचारलं.

छोटीनं प्रामाणिकपणे सांगितलं, "राणी कुठली हे कळतं. पण दोन राण्या शेजारी ठेवल्या तर माझी कुठली ते नाही सांगता यायचं. बाबा असताना कधी बघायची वेळच आली नाही."

तिनं हे आपण होऊन सांगितलं. पुढे कितीतरी दिवस तिला या एका वाक्याचा स्वतःवरच संताप यायचा.

"मग तिला ठिपका लावू," दादा म्हणाला. त्यानं खिशातून नखांना लावायच्या रंगाची बाटली काढली, नारिंगी. "तुझ्या वहिनीची आहे. म्हटलं, छोटीला जन्मभर ओळखता आली पाहिजे तिची राणी."

एवढा पुढचा विचार करून आलेला भाऊ! त्यानं अलगद तिची राणी उचलली आणि काडेपेटीत घातली. पाइपवाली राणी आधीच दुसऱ्या काडेपेटीत होती. "हिला मी तिकडे जाऊन संपवतो, तुला बघवायचं नाही. ठिपकाही दिव्याखालीच लावतो, इथे अंधारलंय," असं म्हणून दोन्ही काडेपेट्या घेऊन तो जिन्यात गेला. छोटी माश्या शांत ठेवणारं धुराचं भांडं धरून गच्चीवर उभी राहिली. दादा परत आला तेव्हा त्याच्या हातात एकच काडेपेटी होती. ती किंचित उघडून त्यानं दाखवली. राणीच्या काळ्या पाठीवर नारिंगी ठिपका ओला चमकत होता.

दादानं ती राणी वरच्या खणात सोडली, पाइपवाल्या माश्यांत.

"अरे, बाबा राणीला तिच्याच माश्यांत ठेवायचे," छोटी म्हणाली. "परक्यांत सोडली तर मारतात ना तिला?"

"वर ऊब असते. आणि पकडून आणलेल्या, दमलेल्या माश्या त्या, कुणाला मारतायत? कधीतरी दादावर सोडत जा गं."

छोटीनं सोडलं.

दोन-तीन दिवसांनी पेटीच्या दाराशी अग्रलेखाचा भुगा पडायला लागला. आठवडा उलटल्यावर तिनं भीत भीत चौकट उचलली तर राणी डौलात चालत होती, ठिपक्यासकट. म्हणजे दादाचंच खरं होतं. तिनं तिथूनच त्याला फोन केला. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये सगळ्यांना ठिपक्याची गोष्ट सांगितली. कवळ्यांचे दात रंगाला रंग लावून जुळवणारी तिची सोबतीण म्हणाली, "भाऊ असावा तर असा." छोटीला तर ते आधीपासूनच माहीत होतं.

उन्हाळ्यात कामकरी माशी जेमतेम दीड महिना जगते. बाबांच्या वेळच्या माश्या एकेक करून झडत गेल्या आणि त्यांच्या जागी नव्या येत गेल्या. पेटी तीच, दार तेच, आतली पिढी मात्र पूर्ण बदलली. आणि मग छोटीला पहिला डंख बसला, मनगटावर. तिनं हसण्यावारी नेलं. पुढच्या खेपेला दोन, त्यानंतर मानेवर, कानामागे. झाकणाला हात लागायचा अवकाश, माश्या अंगावर धावून यायच्या. तिनं साबण बदलला. केसांना तेल लावायचं सोडलं. लॅबमधल्या रसायनांचा वास येत असेल म्हणून आंघोळ करून, कपडे बदलून वर जायला लागली. शेवटी हातमोजे आणि जाळीची टोपी आली. बाबांच्या माश्यांसमोर टोपी घालताना तिला शरमेनं मेल्यासारखं झालं.

तिनं दादाला विचारलं. दादा म्हणाला, "छोटे, मुक्या जिवांनाही कळतं गं. बाबा गेल्याचं त्यांना समजलंय. हात बदलला की रागावतात."

हे मात्र छोटीच्या काळजात रुतलं. त्या दिवसापासून ती संध्याकाळी पेटीपासून जरा लांब स्टूल टाकून बसायची आणि माश्यांची माफी मागायची. "माझ्या हातात बाबांसारखी माया नाही, मला कळतं. पण थोडी कळ काढा. मी शिकेन." कुणी ऐकलं असतं तर बाईचं डोकं फिरलं म्हणालं असतं. डोकं जाग्यावर होतं. तिनं फक्त भावाच्या शब्दावर विश्वास ठेवला होता.

मग खालच्या मजल्यावरच्या घड्याळजीला पापणीवर माशी चावली. डोळा असा मिटला की भिंग लावून घड्याळ उघडणं बंद. भला माणूस, पण तोही किती सोसणार? इमारतीतल्या लोकांनी छोटीला बोलावून सांगितलं की पेटी इथे नको. थंडी तोंडावर आली होती. पेटीच्या दाराला अजून पडदा लागला नव्हता. छोटीला वाटलं, या आता हे घर आपलं मानतच नाहीत.

तिनं दादाला फोन केला. "माझ्याच्यानं होत नाही रे. तू ने. तुझ्याकडे तरी जगतील."

"मी? हां... बघतो. मी येतो न्यायला, तू कशाला येतेस एवढ्या लांब?" दादा म्हणाला. "पुढच्या आठवड्यात. किंवा त्याच्या पुढच्या."

दादाला कशाला धावपळ, असा विचार करून तिनं लॅबच्या गाडीवाल्याला गाठलं. एरवी तो दवाखान्यांना कवळ्या पोचवायचा. म्हणाला, "दात पोचवतो, तर चावणाऱ्या माश्याही पोचवतो." सुटीच्या दिवशी सकाळीच, माश्या बाहेर पडायच्या आत, पेटीचं दार जाळीनं बंद करून दोघं निघाले. वाटभर छोटी पेटीवर हात ठेवून बसली होती.

बागेत दादाचा वर्ग भरला होता. झाडांखाली दहा-बारा माणसं अर्धगोल करून उभी, कुणाच्याच डोक्यावर जाळी नाही. मधोमध दादा, बाह्या सरसावलेल्या, हातात माश्यांनी भरलेली चौकट. छोटी गाडीतून उतरली आणि कौतुकानं थबकली. दादाच्या माश्या इतक्या निवळल्या कधी?

"या माझ्या वडिलांच्या माश्या," दादा लोकांना सांगत होता. "वडिलांच्या आजारपणात ही जात संपल्यातच जमा होती. मी पोटच्या पोरासारखी जपली."

छोटीची नजर चौकटीवरून खाली पेटीकडे गेली. पेटीच्या दाराला तपकिरी राळेचा पडदा होता. त्यात तीन भोकं. एक माशी एका भोकातून वाकून आत शिरली, दुसरी शेजारच्या भोकातून बाहेर आली.

ती संध्याकाळ तिच्या डोळ्यांपुढून पुन्हा गेली: वाटेत उडालेला थवा, जिन्यात गेलेल्या दोन काडेपेट्या, परत आलेली एक. वरच्या खणात, परक्या माश्यांत, ठिपकेवाली राणी जिवंत कशी राहिली? तर ती त्या माश्यांना परकी नव्हतीच. ती पाइपवाली होती, आपल्याच माश्यांत परत गेली होती. आणि बाबांची राणी दादाच्या खिशातून इथे आली होती, न उडालेल्या थव्याकडे. पेटीच्या कडेनं अग्रलेखाचा कागद सारखा करत उभी राहिलेली स्वतःची मूर्ती तिला दिसली आणि स्वतःचीच भयंकर कीव आली.

दादानं तिला पाहिलं. त्याचं वाक्य अर्ध्यावरच राहिलं. "ही... माझी बहीण," तो लोकांना म्हणाला.

छोटी पुढे गेली आणि दादाच्या हातातल्या चौकटीवर तिनं उघडा हात ठेवला. माश्या तिच्या बोटांवर चढल्या, वास घेतला, आणि उतरून आपल्या कामाला लागल्या. किती महिन्यांनी तिच्या हाताला कुणी चावलं नव्हतं. माश्यांच्या गर्दीतून राणी चालत गेली. तिच्या पाठीवर काहीही नव्हतं.

"तुम्हीसुद्धा माश्या पाळता का, ताई?" एका शिकाऊ बाईनं विचारलं.

"पाळते," छोटी म्हणाली. "पण कुणाच्या ते आजच कळलं."

दादानं वर्ग लवकर सोडला. लोक पांगले तशी छोटी त्या पेटीशेजारी फळांचा पालथा खोका ओढून बसली. वहिनी चहा घेऊन आली आणि कप हातात धरून उभीच राहिली.

"छोटे, ऐकून तर घे," दादा म्हणाला.

"ऐकते आहे."

"तुझ्या गच्चीवर ही जात मेली असती. इथे बाग आहे, पाणी आहे, माझं लक्ष आहे. मी बाबांसाठी केलं."

"मग मला सांगायचंस."

"तू दिली असतीस?"

"दिली असती," छोटी म्हणाली. "रडले असते, भांडले असते, दोन दिवस तुझा फोन घेतला नसता, आणि दिली असती. तुला आजवर कशाला नाही म्हटलंय मी?"

दादा चिडला. "आणि तू काय मोठी साधी गं? सगळं मला देऊन नेमकी हीच पेटी मागितलीस. 'मला फक्त ती दे!' सगळे म्हणाले, बघा, किती निर्लोभी बहीण. अस्सल माल तुझ्या पदरात आणि नुसती खोकी माझ्या. लहानपणापासून बाबांनी या पेटीचं झाकण मला उघडू दिलं नाही. तुझा हात शांत, तुझा हात शांत! मला काही कळत नव्हतं काय?"

हे ऐकून छोटी खरोखर विचारात पडली. इतकी वर्षं हे त्याच्या पोटात होतं आणि तो फळं आणून हसत होता.

"खरं आहे," ती म्हणाली. "हीच सगळ्यांत चांगली हे मला ठाऊक होतं, म्हणूनच मागितली. पण तुझ्या तोंडावर मागितली, दादा. काडेपेटीत घालून नाही नेली."

"वन्सं, मी यांना म्हटलं होतं..." वहिनी म्हणाली.

"रंगाची बाटली तुम्हीच दिलीत ना, वहिनी? कशाला हवी ते माहीत होतं?"

वहिनीनं मान खाली घातली. "होतं," ती म्हणाली आणि चहाचा कप तिथेच ठेवून घरात गेली.

म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. छोटीला राणी नेल्याचं दुःख होतंच, पण आता तिला दुसरंच काही आठवलं.

"राणी नेलीस ती नेलीस. पण बाबा गेल्याचं माश्यांना कळतं, हात बदलला म्हणून रागावतात, हे कशाला सांगितलंस रे? मी रोज संध्याकाळी त्या पेटीसमोर बसून माफी मागत होते. मला वाटलं माझ्यातच काहीतरी खोट आहे. बाबांचं एवढं करूनही माझ्या हातात माया नाही, असं वाटलं मला. तुझ्या पाइपातल्या माश्यांची माफी मागत होते मी!"

दादानं तोंड फिरवलं. तो माफ कर म्हणाला असता तर छोटी काय करती कोण जाणे. बहुतेक विरघळली असती. पण तो म्हणाला, "पुढच्या सुटीला नवी तुकडी यायची आहे. निदान थंडी संपेपर्यंत तरी राहू दे इथे."

बाहेर गेलेल्या माश्या घरी परतल्याशिवाय पेटी हलवता येत नाही. त्यामुळे छोटी तिथेच बसून राहिली, सबंध दिवस. चहावर साय धरली. गाडीवाला गाडीत झोपला, उठला, पुन्हा झोपला. दादा दोनदा जवळ येऊन उभा राहिला आणि परत गेला. दाराच्या तीन भोकांतून माश्या येत-जात होत्या. त्यांच्याकडे पाहता पाहता तिला मधेच हसू आलं, की कवळी कुणाची ते आपण रस्त्याच्या पलीकडून ओळखतो, आणि नखांच्या रंगाचा एक थेंब लावून भावानं आपल्याला अख्खा मोसम बनवलं.

सूर्य उतरला, शेवटची माशी आत गेली. छोटीनं पर्समधून लॅबचा कापूस काढला, त्याच्या तीन बारीक गुंडाळ्या केल्या आणि तीन भोकांत बसवल्या. पडद्याला धक्का लागू दिला नाही. गाडीवाल्यानं आणि तिनं मिळून पेटी उचलली. तिच्या जागी गाडीतली पेटी आणून ठेवली.

"या तुझ्या," ती दादाला म्हणाली. "उपाशी नाहीत, भरपूर मध आहे आत. राणीला ठिपका आहे, ओळखायला सोपी. शिकायला येणाऱ्यांना जाळी घालायला सांग."

"छोटे," दादानं हाक मारली. गाडी सुरू झाली होती. तिला ऐकू आलं, पण तिनं मागे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ऊन पडल्यावर घड्याळजी एका हातानं डोळा झाकून गच्चीच्या दारात आला. "नेल्या का भावानं?"

"त्या गेल्या. या वेगळ्या आहेत. या चावायच्या नाहीत."

तो दारामागून बघत राहिला. छोटीनं उघड्या हातानं झाकण काढलं, एक चौकट वर घेतली. एक माशी उडून घड्याळजीच्या बाहीवर बसली, जरा फिरली आणि परत गेली. "कमाल आहे," तो म्हणाला. "भावानं बदलून दिल्या वाटतं. भाऊ असावा तर असा."

घड्याळजी खाली गेला. तिनं सावकाश सगळ्या चौकटी पाहिल्या. एकही माशी प्रवासात दगावली नव्हती, पडदा शाबूत होता, राणी पोळ्यावर अंडी घालत चालली होती, बिनठिपक्याची. तिला इतका आनंद झाला की तिनं झाकण लावलं, हात पुसले आणि फोन काढून दादाचा नंबर लावला. घंटा वाजायला लागली तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं. तिनं घाईघाईनं फोन बंद केला आणि पेटीशेजारी स्टुलावर बसून राहिली. हे सगळं सांगितलं तर कळेल, असं दुसरं माणूस तिला नव्हतंच.